मागून नेलेली गाडी

१२ जानेवारी

सौ. विहीणबाई,
नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही सारखं विचारत होतात, ऐकू येतंय ना. येत होतं. पण हल्ली आवाज आधी पोचतो आणि अर्थ उशिरा. तोवर समोरचं माणूस पुढच्या वाक्याला लागलेलं असतं. म्हणून लिहिते. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं. शिवाय कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या तरी तिकीट तेवढंच.

मी नीट पोचले. शेजारणीने घर झाडून ठेवलं होतं. यांचं दुकान अजून उघडलं नाही. सगळ्या गावाची कुलपं उघडून दिली त्यांनी, पण स्वतःच्या दुकानाची दुसरी चावी कुठे ठेवलीय ते मला माहीत नाही. पहिली त्यांच्या खिशात होती. दवाखान्यातून मिळालेल्या पिशवीत असेल. पिशवी सोडायची आहे.

जमाखर्च लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, दूध अजून दोघांचंच येतंय. दूधवाल्याला सांगायला रोज दारापर्यंत जाते. तो देतो, मी घेते, आत येते. टाकून द्यायला हात होत नाही, म्हणून मीच पिते. पोट बिघडलंय. रडू येत नाही. तुमच्याकडे होते तेव्हा चिमी सारखी माझ्या तोंडाकडे बघायची, आई कधी रडेल म्हणून. तिला सांगा, यायचं तेव्हा येईल, तू तुझी जेवत जा.

आता काम. विमा कंपनीचं पत्र आलंय. मी मॅट्रिक, त्यामुळे हळूहळू वाचलं. मला समजलं ते असं. यांच्या हातून तुमची गाडी आधी सायकलवरच्या शिंप्याला लागली, मग भिंतीला. शिंप्याचा पाय मोडला. गाडी मोडली. हे गेले. आता गाडी तुमची आणि चालवणारे आमचे, तर खर्च कोणाचा. पत्रात म्हटलंय की मालकाने राजीखुशीने गाडी दिली असेल तर शिंप्याचं आणि गाडीचं, दोन्ही कंपनी बघेल. यांचं लायसन्स बरोबर होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. फक्त मालकाने दिली होती असं मालकाच्या सहीने पाहिजे.

तेव्हा गाडीचे मालक म्हणून तुमच्या मोजणीदारांकडून तेवढ्या दोन ओळी लिहून घेऊन पाठवा. हे चार दिवस तुमच्याकडे राहायला आलेले, मधेच गाडी घेऊन कुठे निघाले होते ते मला माहीत नाही. चिमीलाही माहीत नाही म्हणाली. पण तुमच्या यजमानांना विचारल्याशिवाय निघाले नसणार.

देवाजवळ रोज तुमच्या घराचं नाव घेते.

तुमची विहीण


२१ जानेवारी

श्रीमती विहीणबाई,
नमस्कार.

पत्र मिळालं. दूधवाल्याशी बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहून दाराला अडकवा. त्याला वाचता येत असेल. नसलं तर कोणाकडून वाचून घेईल, पण उगीच पोटाचे हाल करू नका.

तुम्ही म्हणता त्या दोन ओळी मला पाठवता येणार नाहीत. कंपनीचे तपासनीस आमच्याकडे येऊन गेले. चांगला सभ्य मुलगा आहे, पाणी सुद्धा मागून प्यायला. त्याने विचारलं, मोजणीदारसाहेब, गाडी तुम्ही दिली होती का. आमच्यांनी स्वच्छ सांगितलं, मी कोणाला गाडी दिलेली नाही. मी शेजारीच बसले होते. त्यांची आठवण तुमच्या-माझ्याहून पक्की आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, कोणाचं कुंपण कुठे हातभर सरकलं ते अजून सांगतील. असा माणूस गाडी दिली की नाही ते विसरेल का?

त्या दुपारी मी बाजारात गेले होते. मुलगा आणि चिमी कामावर. घरात दोघे व्याहीच.

राग मानू नका, लोक बोलतात ते लिहिते. गाडी मागच्या फाटकातून गेली. पुढच्या दाराशी येऊन कोणी सांगितलं नाही. तुमच्या स्वतःच्या जबाबातच तसं आहे, तपासनीसांनी मला वाचून दाखवलं. आणि कुलूप उघडणं म्हणजे व्याह्यांच्या हातचा मळ. माझ्या तोंडून असं काही गेलं नाही. पण समोरच्याने म्हटलं तर मी त्याला काय उत्तर देऊ?

तपासनीस म्हणतात, मालकाची परवानगी नव्हती तर गाडी चोरीला गेली असं धरावं लागेल. तशी तक्रार आम्ही पोलिसांत नोंदवली तरच गाडीचं काही मिळेल. शिंप्याचा खर्च मात्र चालवणाऱ्याच्या घरच्यांवर जाईल. तक्रारीला फेब्रुवारी अखेरपर्यंत मुदत आहे. यांच्या वतीने मुलाने सही करायची. त्याने अजून केलेली नाही. चिमी त्याला ताट वाढते आणि आत निघून जाते. दोघं सुटीच्या दिवशी कसे भांडायचे, आता भांडणसुद्धा ऐकू येत नाही.

मोडक्या गाडीतलं सामान घरी आणलं. त्यात एक लाकडी खुर्ची निघाली. बुटकी, हातांची, पाय कापून कमी केलेले. कोणाच्या लहान मुलाची असावी. व्याह्यांनी कुठून उचलली देव जाणे. मागच्या पडवीत ठेवलीय, हे तिच्यावर पाय टाकून पेपर वाचतात.

आमच्या कपाटाचं कुलूप तसंच अडकून बसलंय. हे परवाच म्हणत होते, व्याही आले की बघतील.

तब्येतीला जपा.

तुमची विहीण


२९ जानेवारी

सौ. विहीणबाई,
नमस्कार.

पाकिटावर तुम्ही श्रीमती लिहिलंत. बरोबरच आहे. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी थोडा वेळ बघत राहिले, हे कोणाचं पत्र आपल्याकडे आलं.

चिठ्ठी लावली. दूध आता एकाचं येतं.

जबाबाची प्रत माझ्याकडे होती, ती काढली. पोलिसांच्या लिहिणाऱ्याने मला विचारलं होतं, गाडी त्यांच्या ताब्यात कशी आली. मी म्हटलं, "त्यांनी गाडी मागून नेली." म्हणजे मागितली आणि नेली. त्याने लिहिलंय, "सदर वाहन घराच्या मागील बाजूने नेण्यात आले." तुमची गाडी मागेच असते, म्हणून त्यालाही ते खरं वाटलं असेल. त्याचा दोष नाही. मी सही केली, आणि वाचून केली. सगळे शब्द माझ्या डोळ्यांसमोरून गेले. आत घ्यायला कोणी नव्हतं.

म्हणजे यांना मागच्या फाटकातून मीच बाहेर काढलं.

आता कुलपाचं. तुम्ही म्हणालात लोक बोलतात. लोकांना हे सांगा. कोणी चावी हरवून दुकानात आला की हे हत्यारं घेऊन त्याच्याबरोबर जायचे. पण दारासमोर गेल्यावर लगेच हात लावायचे नाहीत. बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, "तोंडानं म्हणा." मालकाला कळायचं नाही. मग सांगायचे, "उघडा, असं तोंडानं म्हणा. मान हलवलेली मला चालत नाही." पुष्कळ लोक चिडायचे. अहो, तुम्हाला आणलंय कशाला मग, असं म्हणायचे. एकदा कोर्टातले मोठे साहेब स्वतःच्या बंगल्याबाहेर अडकले होते. घाईत होते, त्यांना हसूही आलं आणि रागही. म्हणाले, हे काय लग्न आहे का माझं, तोंडानं म्हणायला. पण म्हणाले. ते उघडा म्हणेपर्यंत यांनी हत्यारांची पेटी उघडली नाही. मी विचारलं होतं, एवढं कशाला. तर म्हणाले, माझ्या धंद्यात आणि दुसऱ्या एका धंद्यात फरक तेवढाच आहे.

अशा माणसाने तुमच्या खुंटीवरची चावी गुपचूप काढली, हे तुमच्या मनाला तरी पटतं का?

मी रोज देवाकडे काहीबाही मागत असते. पाऊणेक तास चालतं माझं. हे आयुष्यात कोणाकडे काही मागायला गेले नाहीत. ना भावाकडे, ना देवाकडे. मला चिडवायचे, तू मागतेस तेवढं पुरे, त्यात दोघांचं भागेल.

एक विनंती. शिंप्याकडे जाऊन या. त्याचं मशीन पायाचं असेल. मला इथून येणं होत नाही, आणि आले तरी काय बोलावं ते सुचणार नाही.

आणि ती खुर्ची टाकू नका, कोणाला देऊ नका. हे कशासाठी गेले होते ते मला आता कळलं. पण ते विम्याच्या उपयोगाचं नाही.

तुमची विहीण


९ फेब्रुवारी

विहीणबाई,
नमस्कार.

शिंप्याकडे गेले होते. एका खोलीत घर आणि दुकान. पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर ठेवलेला. मशीन पायाचंच आहे. बायको चालवते, तो शेजारी बसून सूचना करतो. ती म्हणाली, पाय मोडला त्यांचा आणि डोकं खातात माझं. मला बसायला दिलं. तुमच्याबद्दल विचारलं. व्याह्यांना नावं ठेवली नाहीत. वळणावर समोरून ट्रक आला, गाडीवाल्याने मला वाचवायला भिंतीकडे घेतली, नाहीतर पाय काय, मी पण राहिलो नसतो, असं म्हणाला. चांगली माणसं आहेत. पण औषधाची चिठ्ठी त्याच्या मशीनवर सुईखाली अडकवलेली होती, ती मला दिसली.

बाकीचं स्पष्टच लिहिते. तुमचं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. एकीकडे तुम्ही म्हणता, त्यांनी जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही. दुसरीकडे म्हणता, गाडी मागून नेली. दोन्ही कसं खरं असेल? तपासनीसाने हाच प्रश्न केला तर तुमच्याकडे उत्तर आहे का?

माणसाच्या सवयीला कंपनी पुरावा मानत नाही. आमच्या घरात जे सांगायचं ते सांगून झालंय. तेच पुन्हा विचारायला माणसं आलेली मला नको आहेत. का नको ते विचारू नका.

मुलगा या महिनाअखेरीला सही करायला जाईल. त्याला मी तयार केलंय. चिमीने कपडे बॅगेत भरून ठेवलेत, बॅग पलंगाखाली आहे. ती समजते मला दिसली नाही.

तुमची विहीण


१६ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई,
नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मी तिथे नव्हते. मागितली असेल असं मला कोणी सांगितलेलं नाही, यांनी फोनही केला नव्हता. मागून नेली असं मी म्हटलं, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीने ते काही नेतील हे मी कधी बघितलेलंच नाही. आणि तरी तुम्ही म्हणता तेही खरंच. मागणं त्यांना जमायचं नाही. मी स्वयंपाक करताना, निजताना त्याच्यावर विचार केला. हिशेब लागत नाही. मी तो तसाच ठेवलाय.

आता माझं म्हणणं ऐका. दुकानातलं चावी कापायचं मशीन आणि हत्यारं विकायचं मी ठरवलंय. पलीकडच्या गल्लीतला लोहार घेतो म्हणाला. त्यातून शिंप्याचं भागवीन. गाडीचंही हळूहळू देईन, वेळ लागेल, पण माझी देण्याची रीत तुम्हाला चिमीच्या लग्नापासून माहीत आहे. विम्याचं मला काही नको. फक्त तक्रार करू नका. चोरीच्या कागदावर यांचं नाव घालू नका. कागद झाला की तो राहतो. चिमीला पुढेमागे मूल होईल, ते कधीतरी विचारील आजोबा काय करायचे. कुलपं उघडायचे, एवढं तिला मान वर करून सांगता आलं पाहिजे. त्याच्यापुढे काही जोडलेलं नको.

माझं तेवढंच मागणं आहे.

आणखी एक. विचारू नका म्हणालात, म्हणून विचारत नाही, नुसतं लिहिते. मला हिशेब लिहिताना आधीची पानं उलटून बघायची सवय आहे, तशी तुमची पत्रं पुन्हा बघितली. जानेवारीच्या पत्रात शेवटी तुम्ही लिहिलंय, कपाटाचं कुलूप अडकलंय, मोजणीदार परवा म्हणाले, व्याही आले की बघतील. परवा म्हणजे हे जाऊन पंधरवडा होऊन गेला होता. मोजणीदारांनी स्वतः यांना खांदा दिला होता. मी पाहिलंय.

माझ्याकडे यांचे वडील शेवटची वर्षं असेच होते. सकाळी जेवले की दुपारी म्हणायचे, सुनेने उपाशी ठेवलं. पाहुण्यांसमोर म्हणायचे. मीही तेव्हा सगळ्यांना सांगायची, त्यांची तब्येत एकदम उत्तम आहे.

मी हे कोणाला बोलणार नाही. चिमीला सुद्धा नाही.

तुमची विहीण


३ मार्च

विहीणबाई,
नमस्कार.

चिमीला माहीत होतं. तिने सासऱ्यांच्या गोळ्या वारांच्या डब्यांत लावायला घेतल्या तेव्हाच तिला कळलं होतं. मी बोलत नाही म्हणून ती बोलत नव्हती. एका घरात राहून आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्यांची आठवण पक्की आहे. ते खोटं होतं. दोन वर्षं झाली. डोकं साफ असतं तेव्हा त्यांना स्वतःला कळतं. अशाच एकदा माझा हात धरून म्हणाले, मी विसरलो असं चारचौघांत म्हणू नकोस, मी खोटं बोललो म्हण. मी शब्द दिला. म्हणून तपासनीसांसमोर मी गप्प बसले. मी शेजारी बसले होते हे खरं. त्यांनी दिली नाही म्हटलं तेव्हा, दिलीही असेल, हे माझ्या मनात आलं होतं. मी ते तिथेच दाबलं.

तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात तपासनीस मुलाची सही घ्यायला घरी आले. कागद टेबलावर. मुलगा समोर बसलेला, चिमी दाराशी, मी चहा आणते म्हणून आत उभी. हे पडवीत, पाय त्या खुर्चीवर. मुलाने खिसे चाचपले. पेन नव्हतं, का मुद्दाम नव्हतं, मला माहीत नाही. तपासनीसांचं चालेना, त्यांनी ते दोनदा झटकलं. मग उठून ते पडवीत यांच्याकडे गेले. यांच्या खिशाला पेन कायम असतं. ते म्हणाले, साहेब, पेन जरा नेऊ का?

हे म्हणाले, "न्या की."

त्यांनी हात पुढे केला, तर हे हसायला लागले. म्हणाले, "तुम्ही बरे. पटकन घेता. आमचे व्याही आहेत, त्यांना एकदा म्हणून भागत नाही. गाडीची चावी मी हातात ठेवली त्यांच्या, तरी आपले उभेच. मला म्हणतात, तोंडानं म्हणा. अहो, दिली ना चावी? तर नाही. न्या असं तोंडानं म्हणा. दोनदा म्हणायला लावलं मला. न्या हो, न्या."

विहीणबाई, मी आतून ऐकत होते. तोंडानं म्हणा हे तुमच्या पत्रातलं. ते पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही. डाळीच्या डब्यामागे ठेवलंय. यांना ते शब्द दुसरं कोण सांगणार होतं?

तपासनीस पेन हातात घेऊन तसेच उभे. मग त्यांनी सरळ विचारलं, साहेब, म्हणजे गाडी तुम्ही दिली होती? हे लगेच म्हणाले, "मी कोणाला गाडी दिलेली नाही." तितकंच स्वच्छ. आणि पेपर वाचायला लागले.

तपासनीस माझ्याकडे बघायला लागले. चिमी पण. तेव्हा गप्प बसले असते तर कायमचीच. मी हात पुसले आणि बाहेर येऊन म्हटलं, ते विसरतात. दोन वर्षं झाली. आत्ता बोलले ते खरं, नंतर बोलले ते आजारपण. डॉक्टरांचे कागद आहेत, मी आणते. कुठे आहेत विचारू नका, कपाटात आहेत आणि कपाटाचं कुलूप अडकलंय.

मग मुलाने स्क्रू काढून कपाटाचं दार काढलं.

तपासनीसांनी सगळं लिहून घेतलं. मी सही केली, चिमीने केली, मुलाने त्या तक्रारीच्या कागदाच्या जागी या कागदावर केली. पोलिसांच्या लिहिणाऱ्याला तपासनीस भेटले आणि तुमचं वाक्य दुरुस्त करून घेतलं. तो म्हणाला म्हणे, मग बाईंनी नीट सांगायचं ना, मागितली म्हणून. काल कंपनीचं पत्र आलं. गाडीचं आणि शिंप्याचं, दोन्ही ते देणार आहेत. मी स्वतः जाऊन शिंप्याला सांगितलं. त्याची बायको म्हणाली, पाय बरा झाला तरी मशीन आता मी सोडणार नाही.

तुम्ही यंत्र विकलं नसेल तर विकू नका.

कुलपाबद्दल मी जे लिहिलं, लोक बोलतात म्हणून, ते लोक म्हणजे मीच होते.

आता सगळ्यांना कळलं. माझ्या जावेचा फोन येऊन गेला, आवाजात साखर होती. यांना शब्द दिला होता, तो मोडला, तेही त्यांच्या लक्षात राहणार नाही. ते तसंच बसलंय माझ्याजवळ.

चिमीची बॅग पलंगाखालून गेली. ते दोघं काल भांडले. टॉवेलवरून.

खुर्ची पाठवतेय. ट्रान्सपोर्टवाल्याकडे दिली. पाठवताना चिमीने तिचे कापलेले पाय पहिल्यांदा नीट बघितले आणि ती एकदम बसली जमिनीवर. कोणासाठी आहे ते तिने मला सांगितलं. आम्ही तिच्यावर पाय ठेवत होतो. मी स्वच्छ पुसून पाठवलीय.

तुमची विहीण


१४ मार्च

सौ. विहीणबाई,
नमस्कार.

खुर्ची पोचली. ट्रान्सपोर्टवाल्याने दोन माणसांचं काम आहे म्हणून जास्त मागितले. मी म्हटलं, माझ्या कमरेएवढीसुद्धा नाही, एकट्याने उचल. उचलली.

मशीन विकलं नव्हतं. लोहार भाव पाडत होता, म्हणून मीच थांबले होते. देव कधीकधी कंजूषपणातूनही कामं करतो.

मोजणीदारांना शब्द दिलात तो मोडलात, असं तुम्ही म्हणता. यांचा शब्द त्यातून राहिला. मी रोज तुमचं नाव घेते, आता मोजणीदारांचं वेगळं घेते.

पोलिसांकडून नवी प्रत आली. "सदर वाहन मालकाकडे मागून, त्याच्या संमतीने नेण्यात आले." मी या वेळी सावकाश वाचलं. मागून हा शब्द बघितला. तुम्ही विचारलं होतं, ज्याने जन्मात काही मागितलं नाही त्याने मागून कशी नेली. आता दोन्ही लागतं. एकदाच मागितलं, आणि ते तुमच्या घरी.

कशासाठी तेही सांगते. चिमीने अर्धं सांगितलंच आहे. माझे गुडघे गेलेत. देवासमोर जमिनीवर बसते, बसणं होतं, उठणं होत नाही. हे गेल्यापासून भिंत धरून कशीबशी उठत होते. पूजा झाली की मी हाक मारायची नाही, घंटी जरा जोरात ठेवायची. हे दुकानात जायच्या घाईत असले तरी यायचे, हात द्यायचे. मी टेकून उभी राहिले की सोडायचे. कधी उशीर झाला तर मी म्हणायची, देवाने बसवून ठेवलंय. एकदा ते म्हणाले, मी नसलो तर दिवसभर बसशील तिथे. मी म्हटलं, मग बसेन. झालं. बोलणं तेवढंच. तुमच्या गावात जुन्या लाकडी सामानाचा बाजार भरतो ते चिमीने कधीतरी सांगितलं असेल. मला सांगितलं नाही, कारण मी म्हटलं असतं, उगीच खर्च.

पाय बरोबर कापून आणलेत. कुठे करवत मारायची त्याची पेन्सिलची रेघ आतल्या बाजूला अजून आहे. माझं माप कधी घेतलं ते मला माहीत नाही.

दवाखान्याची पिशवी सोडली. दुकानाची चावी निघाली. दुकान उघडून झाडलं. कोणी चावी करून मागायला आलं तर सांगायचं काय, ते अजून ठरवलेलं नाही.

खुर्ची देवासमोर ठेवली. पहिल्या दिवशी बसले, सगळं झालं, आणि सवयीने घंटी जोरात ठेवली. आवाज घरभर गेला. मग खुर्चीच्या हातांवर हात टेकले आणि उठले. एकदम सहज उठले. उठताना आता कोणाचा हात लागत नाही.

विहीणबाई, मग मी पुन्हा बसले. बराच वेळ बसले. चिमीला सांगा, रडू आलं.

तुमची विहीण